एजंटानं कंपनी बदलली, आता आपण काय करायचं?



आज आपण बोलणार आहोत कपाटातल्या त्या पिशवीबद्दल, जिच्यात रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, मुलांचे दाखले आणि विम्याची पॉलिसी एकत्र ठेवलेली असते. त्यातली विम्याची पॉलिसी कोणत्या कंपनीची आहे, हे पिशवी न उघडता सांगा बरं. आम्ही आमच्या बैठकीत हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेक जणींनी कंपनीचं नाव सांगितलंच नाही. त्यांनी एजंटाचं नाव सांगितलं. “आमची अमक्या दादांची पॉलिसी आहे,” असं.

यात लाजायचं काही कारण नाही. आपण माणूस बघून व्यवहार करतो. एजंट बहुतेक वेळा ओळखीतला असतो, पाहुण्यातला असतो, निदान शेजारच्या गल्लीतला तरी असतोच. पण हा दादा एक दिवस कंपनी बदलतो, तेव्हा आपली पॉलिसी कुठं जाते? आमच्या गटातल्या एका ताईंना या प्रश्नाचं उत्तर फार महाग पडलं. त्यांच्या परवानगीनं, नाव न घेता, ती हकिगत सांगतो.

ताईंची गोष्ट

या ताई टिटवाळ्याजवळच्या एका गावातल्या. त्यांचे मालक डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला. सहा वर्षांपूर्वी त्यांनी घरातल्या चौघांचा मिळून पाच लाखांचा आरोग्य विमा काढला. मालकांना तेव्हाच रक्तदाब आणि साखर होती, तसं फॉर्मवर लिहिलंही होतं. दर वर्षी जून महिन्यात एजंट घरी यायचा, चहा घ्यायचा, पैसे न्यायचा आणि आठवड्याभरात कागद आणून द्यायचा. सहा वर्षांत एकदाही क्लेम करायची वेळ आली नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये तो आला आणि म्हणाला, “ताई, आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. तीच पाच लाखांची पॉलिसी, आणि हप्ता दोन हजारांनी कमी. फॉर्म मी भरतो. मोबाईलवर नंबर येईल तेवढा सांगा.” ताईंनी नंबर सांगितला. दोन हजार वाचले म्हणून त्या खूश होत्या.

ऑक्टोबरात मालकांच्या छातीत दुखायला लागलं. कल्याणच्या एका दवाखान्यात नेलं, नळी टाकावी लागली. बिल झालं एक लाख नव्वद हजार. कंपनीनं क्लेम नाकारला आणि पत्रात दोन कारणं दिली. एक, पॉलिसी फक्त चार महिन्यांची आहे आणि आधीपासूनच्या आजारांची मुदत अजून संपलेली नाही. दोन, फॉर्ममध्ये रक्तदाब आणि साखर लपवलेली आहे.

ताई म्हणाल्या, “चार महिन्यांची कशी? आम्ही सहा वर्षं पैसे भरतोय.” सहा वर्षं भरले होते, पण जुन्या कंपनीकडे. नव्या कंपनीच्या दप्तरी त्या जूनमध्ये आलेल्या नव्या गिऱ्हाईक होत्या. आणि फॉर्ममध्ये आजारांच्या प्रत्येक रकान्यात एजंटानं “नाही” लिहिलं होतं. ताईंनी तो फॉर्म वाचलाच नव्हता.

गटानं अंतर्गत कर्ज दिलं, मंगळसूत्र गहाण पडलं, दवाखान्याचं बिल भागलं. आज ताई दर महिन्याला ते कर्ज फेडतायत. त्या अजूनही म्हणतात, “पोरगा वाईट नाही हो.” आम्हालाही तसं वाटत नाही. त्याला नव्या कंपनीत टार्गेट होतं, फॉर्मवर आजार लिहिला तर तपासण्या लागतात, वेळ जातो. त्यानं सोपा रस्ता धरला. पण कर्ज ताईंच्या डोक्यावर बसलं.

पॉलिसी मुरावी लागते

ही चूक नेमकी कुठं झाली, ते आता समजून घेऊ.

लोणचं घातल्या दिवशी खाता येत नाही, मुरावं लागतं. आरोग्य विम्याचंही तसंच आहे. पॉलिसी काढली की पहिले ३० दिवस अपघात सोडला तर कुठल्याच आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचं ऑपरेशन अशा ठरावीक गोष्टींसाठी आणखी थांबावं लागतं. आणि पॉलिसी काढायच्या आधीपासून जो आजार आहे, त्याच्यासाठी कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबवू शकते. ही मुदत पूर्वी ४ वर्षांपर्यंत होती. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनी ती ३ वर्षांवर आणली.

त्याच नियमांत आणखी एक मोठी गोष्ट आहे. पॉलिसी सलग ५ वर्षं चालू राहिली, की त्यानंतर “तुम्ही आजार सांगितला नव्हता” असं कारण काढून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ठरवून फसवणूक केल्याचं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. ही मुदत आधी ८ वर्षं होती.

आता ताईंची जुनी पॉलिसी बघा. ३ वर्षांची मुदत संपलेली, ५ वर्षंही पूर्ण झालेली. लोणचं छान मुरलेलं होतं. त्या पॉलिसीत हेच आजारपण आलं असतं, तर कंपनीनं काढलेली ही दोन्ही कारणं तिथं चालली नसती. एजंटानं ती बरणी रिकामी करून नवी घातली, आणि दोन हजार वाचवण्याच्या नादात सहा वर्षांचं मुरणं गेलं.

म्हणून मैत्रिणींनो, आरोग्य विम्यात पॉलिसीचं वय हीच आपली शिल्लक असते. हप्ता कमी-जास्त होईल, एजंट येईल-जाईल, पण वय मोडू द्यायचं नाही.

“दादा, पोर्ट करताय की नवी काढताय?”

मग कंपनी बदलायचीच नाही का? तसं नाही. जुनी कंपनी नीट सेवा देत नसेल, हप्ता परवडत नसेल, तर बदलायचा आपल्याला हक्क आहे. पण वय सोबत घेऊन बदलायची.

मोबाईलचा नंबर तोच ठेवून आपण सिमकार्डाची कंपनी बदलतो ना, तसंच आरोग्य विम्यात करता येतं. त्यालाही पोर्ट करणं असंच म्हणतात. देशभरात मोबाईलची ही सोय जानेवारी २०११ मध्ये आली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून आरोग्य विम्याची आली. पोर्ट केल्यावर जुन्या कंपनीत आपण जितकी वर्षं काढली, ती नव्या कंपनीला मोजावी लागतात.

हे कसं करायचं ते सांगतो.

पॉलिसी संपायच्या निदान ४५ दिवस आधी नव्या कंपनीकडे अर्ज करायचा. म्हणजे जूनमध्ये पॉलिसी संपत असेल, तर एप्रिलमध्येच हालचाल करायची. नव्या कंपनीच्या फॉर्मबरोबर पोर्टचा वेगळा फॉर्म असतो, तो भरायचा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून आपली माहिती मागवते. ती ७२ तासांत द्यायची आणि नव्या कंपनीनं ५ दिवसांत हो की नाही ते कळवायचं, असा २०२४ चा नियम आहे.

इथं तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, नवी कंपनी “नाही” म्हणू शकते. वय, आजार बघून ती नकार देऊ शकते. म्हणून नव्या कंपनीचा होकार हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडायची नाही. नकार आला तर जुनीच वेळेत रिन्यू करायची.

दुसरी, पोर्ट करतानाही सगळे आजार खरे लिहायचे. इतकी वर्षं मोजली गेली म्हणून आजार लपवायचा परवाना मिळत नाही.

तिसरी, जुन्या पॉलिसीत जेवढी रक्कम होती, तेवढ्यालाच जुनं वय मिळतं. तीन लाखांची पॉलिसी पाच लाखांची करून पोर्ट केली, तर वरच्या दोन लाखांसाठी मुदत नव्यानं सुरू होते.

नवी पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावर पाहायचं. जुन्या पॉलिसीचा नंबर आणि विमा पहिल्यांदा कधी सुरू झाला ती तारीख त्यात आली आहे का? नसेल तर त्याच दिवशी कंपनीला लेखी विचारायचं. पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक नावाचा छोटा कागद येतो. त्यात काय मिळणार, काय मिळणार नाही आणि किती थांबावं लागणार, हे थोडक्यात लिहिलेलं असतं. मागितल्यावर ते आपल्या भाषेत द्यायची सोय आहे. तेव्हा मराठीत मागा.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. एजंट नवी कंपनी घेऊन दारात आला, तर एकच प्रश्न विचारा. “दादा, पोर्ट करताय की नवी काढताय?” तो “तेच ते, ताई” म्हणाला, तर सही करू नका.

एजंट काय म्हणतात आणि खरं काय असतं

आमच्या गटांमध्ये बायकांनी जे जे ऐकलंय, ते आम्ही गोळा केलं.

“जुनी कंपनी बंद पडतेय.” विमा कंपनी रातोरात शटर ओढून जात नाही. तिच्यावर हैदराबादच्या विमा नियामक प्राधिकरणाची, म्हणजे आयआरडीएआयची नजर असते. सहारा इंडिया लाइफ या कंपनीची स्थिती बिघडली, तेव्हा जून २०२३ मध्ये प्राधिकरणानं तिच्या सुमारे दोन लाख पॉलिसींची जबाबदारी एसबीआय लाइफकडे सोपवण्याचा आदेश काढला. त्या लोकांना नव्यानं विमा काढावा लागला नाही. कधी कंपनीचं नुसतं नाव बदलतं. रेलिगेअर हेल्थचं केअर झालं, मॅक्स बुपाचं निवा बुपा झालं. कधी एक कंपनी दुसरीत विलीन होते. अपोलो म्युनिक अशीच एचडीएफसी एर्गोत गेली. या सगळ्यात पॉलिसी चालूच राहते. तेव्हा कोणी असं म्हणालं, तर कागदावरच्या टोल फ्री नंबरावर फोन करून कंपनीलाच विचारा.

“तुम्ही क्लेम घेतलात, आता ते रिन्यू करणार नाहीत.” हे खरं नाही. क्लेम केला म्हणून कंपनीला आरोग्य विमा रिन्यू करायला नकार देता येत नाही. आणि क्लेम केला म्हणून फक्त तुमच्या एकटीचा हप्ताही वाढवता येत नाही. वाढला तर त्या प्रकारच्या सगळ्याच पॉलिसींचा वाढतो.

“हप्ता फार वाढलाय.” हे खरंही असेल. वय वाढतं तसा हप्ता वाढतो. पण वाढ किती, ते कंपनीच्या नोटिशीवर बघा, तोंडी ऐकू नका. घरात ६० वर्षांवरची माणसं असतील, तर प्राधिकरणाला विचारल्याशिवाय त्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून आपण स्वतः काढलेल्या आरोग्य विम्यावर आणि आयुर्विम्यावर जीएसटी नाही. आधी १८ टक्के होता. आता कोणी त्या नावाखाली पैसे मागत असेल, तर आकडा लिहून मागा.

“मी कंपनी सोडली, आता तुमची पॉलिसी कोण बघणार?” पॉलिसी आपली आणि कंपनीची असते. एजंट मधला दुवा. तो गेला तरी हप्ता कंपनीच्या शाखेत भरता येतो, ॲपवरून भरता येतो. क्लेमसाठीही एजंट लागतोच असं नाही, दवाखान्यातल्या विमा कक्षातून काम होतं. आणि कंपनीकडे दुसरा एजंटही मागता येतो.

“माझ्या कमिशनातले हजार रुपये तुम्हाला देतो.” हे विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार चालत नाही. देणाराही चुकतो आणि घेणाराही. दंड दहा लाखांपर्यंत आहे. तेव्हा त्या हजारात अडकू नका.

आता एजंटासाठी काय नियम आहेत, तेही माहीत असू द्या. एका एजंटाला एका वेळी एकच आयुर्विमा कंपनी, एकच सर्वसाधारण विमा कंपनी आणि एकच आरोग्य विमा कंपनी घेता येते. म्हणून त्यानं कंपनी बदलली की त्याला आपलं गिऱ्हाईक सोबत न्यावंसं वाटतं. ब्रोकर आणि त्यांची माणसं वेगळी, ती अनेक कंपन्यांचे विमे विकतात. म्हणून समोरच्याला विचारायचं, “तुम्ही एजंट की ब्रोकरची माणसं?” आणि ओळखपत्र बघायचं. एजंटांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की, चालू पॉलिसी बंद करायला लावून आपल्याकडून नवी घ्यायला भाग पाडायचं नाही. कमिशन किती मिळतं, असं आपण विचारलं तर सांगायचं. आणि हप्त्याचे पैसे घेतले की २४ तासांत कंपनीकडे जमा करायचे, सुट्टीचे दिवस सोडून. पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही, म्हणून रोख देणं टाळा. दिलेच तर कंपनीची पावती घ्या, वहीच्या पानावर लिहिलेली नको.

आणखी एक गोष्ट आम्हाला कागद चाळताना सापडली. कित्येक पॉलिसींवर मोबाईल नंबर एजंटाचा होता. मग रिन्युअलची आठवण, पैसे मिळाल्याचा मेसेज, सगळं त्याच्याकडेच जाणार. नंबर आपलाच हवा. आणि मोबाईलवर येणारा ओटीपी म्हणजे आता आपली सही आहे. कोऱ्या कागदावर आपण अंगठा देत नाही, मग न वाचलेल्या फॉर्मसाठी ओटीपी का द्यायचा? वाचता येत नसेल, तर मुलीकडून, गटाच्या सचिवांकडून वाचून घ्या.

चूक झालीच असेल तर

ताईंची हकिगत आम्ही नोव्हेंबरच्या बैठकीत सांगितली, तेव्हा मुरबाड रोडकडच्या एका गावातल्या दुसऱ्या एका ताई गप्प झाल्या. घरी जाऊन त्यांनी पिशवी उघडली. त्यांच्या एजंटानंही कंपनी बदलली होती आणि नवीच पॉलिसी काढली होती. जुनी ३ नोव्हेंबरला संपलेली. नवीचा कागद हातात येऊन बारा दिवस झाले होते.

त्यांचं काम झालं, कारण दोन मुदती शिल्लक होत्या. वर्षाचा हप्ता असलेली पॉलिसी संपल्यावर ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. त्या दिवसांत जुनी रिन्यू केली तर वय मोडत नाही. मात्र पैसे भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत आजारपण आलं, तर ते पैसे मिळत नाहीत. दुसरी मुदत नव्या पॉलिसीची. नवी पॉलिसी पटली नाही, तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तपासणीचा खर्च, मुद्रांक आणि गेलेल्या दिवसांचे पैसे कापून बाकीची रक्कम परत मिळते. ही सोय नव्या पॉलिसीला असते, रिन्यू किंवा पोर्ट केलेल्या पॉलिसीला नसते.

आम्ही त्यांच्याबरोबर जुन्या कंपनीच्या कल्याणच्या शाखेत गेलो. आधी जुनी रिन्यू करून घेतली, पावती हातात घेतली, आणि मगच नवी परत करायचा अर्ज दिला. हा क्रम उलटा करू नका.

पहिल्या ताईंच्या दोन्ही मुदती जुलैतच संपल्या होत्या. त्यांच्यासमोर तक्रारीचा रस्ता उरला. तो असा आहे.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची आणि पोच घ्यायची. जुन्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती, नवा फॉर्म, नकाराचं पत्र जोडायचं. कंपनीनं दोन आठवड्यांत उत्तर द्यायला हवं. प्राधिकरणाच्या विमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, किंवा १५५२५५ या मोफत नंबरावर फोन करून.

कंपनीनं तक्रार फेटाळली किंवा महिन्याभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जायचं. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. आपल्या ठाणे जिल्ह्यासाठी लोकपालांचं कार्यालय ठाण्यातच आहे, ठाणे पश्चिमेला जीवन चिंतामणी इमारतीत. तिथं फी लागत नाही आणि वकीलही चालत नाही, आपलं आपण बोलायचं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात. लोकपालांचा निकाल कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो. तो आपल्याला पटला नाही, तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असतो. मात्र एकच प्रकरण एका वेळी दोन्हीकडे चालवता येत नाही.

ताईंनी कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं की ओटीपी तुमच्याच मोबाईलवरून दिलेला आहे. मग जानेवारीत आम्ही दोघीतिघी त्यांच्याबरोबर टिटवाळ्याहून लोकल धरून ठाण्याला गेलो आणि लोकपालांकडे अर्ज दिला. सुनावणी अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही, कारण फॉर्मवर “नाही” लिहिलेलं आहे आणि एजंट सांगतो की ताईंनीच तसं सांगितलं. म्हणूनच आम्ही तुम्हाला सांगतोय, तक्रार करायची वेळच येऊ देऊ नका.

आयुर्विमा, स्कूटर आणि बँकेतले विमे

आयुर्विम्यात पोर्टची सोय नाही. तिथं एजंट म्हणतो, “जुनी मोडा, नवी चांगली आहे.” आयुर्विम्यात पहिल्या वर्षाचं कमिशन पुढच्या वर्षांपेक्षा बरंच जास्त असतं, हे लक्षात ठेवा. मुदतीआधी मोडली तर भरलेल्यापेक्षा कमी पैसे हातात येऊ शकतात. शिवाय नवी पॉलिसी आताच्या वयानं मिळते, म्हणजे हप्ता जास्त. आणि विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार ३ वर्षं झालेल्या पॉलिसीवर कंपनी आक्षेप घेऊ शकत नाही. नवी काढली की ती ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मोडायचीच असेल तर कंपनीकडून लिहून घ्या, आज मोडली तर किती मिळतील आणि चालू ठेवली तर शेवटी किती.

स्कूटर, टेम्पोच्या विम्यात कंपनी बदलायला हरकत नाही. वर्षभर क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट चढत जाते. ती सूट गाडीच्या मालकाची, कंपनी बदलली तरी सोबत येते. पण पॉलिसी संपून ९० दिवस गेले तर ती जाते. आणि क्लेम झालेला असताना एजंटानं “झाला नाही” लिहून सूट घेतली, तर पुढच्या अपघातात अडचण आपल्यालाच.

आणि आपल्या गटातल्या बहुतेकींकडे असलेले बँकेतले दोन विमे. अपघाताचा २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा. दोन्ही दोन-दोन लाखांचे. यात कंपनी बँक ठरवते, आपण एजंटाला काही द्यायचं नसतं. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात आणि वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. मेच्या शेवटी खात्यात पैसे ठेवा. जीवन ज्योती खंडित होऊन पुन्हा काढली, तर पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून इतर कारणानं मृत्यू झाल्यास पैसे मिळत नाहीत. इथंही सलग चालू राहण्यालाच किंमत आहे.

गटाची विमा वही

या सगळ्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. बचतीच्या वहीशेजारी विम्याची एक वही. प्रत्येकीचं एक पान. त्यावर कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, पहिल्यांदा कधी काढली ती तारीख, संपायची तारीख, आणि मोबाईल नंबर आपलाच आहे का ते. संपायच्या दोन महिने आधी सचिव बैठकीत नाव वाचतात. एजंट नवी कंपनी घेऊन आला असेल, तर ती ताई कागद बैठकीत आणते आणि आम्ही मिळून वाचतो. पाच-दहा मिनिटांचं काम.

आमच्या ओळखीच्या काही मुली आता विमा सखी झाल्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये एलआयसीची ही योजना सुरू झाल्यापासून दहावी झालेल्या बायकांना हे काम मिळतंय. आनंदच आहे, घरात पैसा येतो. त्यांना आम्ही एवढंच सांगतो, बाई गं, आजाराचा रकाना आपल्या मनानं भरू नकोस. गावात तुला उद्याही राहायचंय.

आणि तुमच्या दारात येणाऱ्या दादांना चहा जरूर द्या. नातं राखा. पण सही करायच्या आधी तो एक प्रश्न विचारा, आणि उत्तर कागदावर बघा. आज घरी गेल्यावर पिशवी उघडा, पॉलिसी बाहेर काढा आणि तीन गोष्टी शोधा. कंपनी कोणती, पहिली तारीख कोणती, संपायची तारीख कोणती. पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन या.